‘वरचं इंग्लंड’ आणि इतर गैरसमज: स्कॉटलंडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडन, रेडिंग, लेस्टरकडची आपली मंडळी स्कॉटलंडला फिरायला किंवा नोकरीला यायची ठरली की ऑफिसातले इंग्रज सहकारी त्यांना चार गोष्टी सांगून पाठवतात. हेतू चांगला असतो, माहिती बहुतेकदा चुकीची. मग ‘अगं, हे खरं का?’ असे निरोप मला एडिंबरात येतात. तीच उत्तरं इतक्यांदा लिहिली की शेवटी इथे एकत्र केली. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढचे जरा अडचणीचे. एकदा सांगितलेलं पुन्हा लिहिलेलं नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्कॉटलंड हा वेगळा देश आहे की इंग्लंडचाच वरचा भाग?

देश आहे, पण सार्वभौम राष्ट्र नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स मिळून ग्रेट ब्रिटन होतं. त्यात उत्तर आयर्लंड धरलं की युनायटेड किंग्डम. पासपोर्ट, सैन्य, परराष्ट्र धोरण हे युनायटेड किंग्डमचं. कायदा, न्यायालयं, शाळा, आरोग्यसेवा आणि चर्च हे स्कॉटलंडचं स्वतःचं. १९९९ पासून एडिंबरात १२९ सदस्यांची संसदही आहे. व्हिसा वेगळा लागत नाही आणि सीमेवर कोणी अडवत नाही.

इंग्लंडात ‘इंग्लंड’ आणि ‘ब्रिटन’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. चार भागीदारांचं दुकान आणि पाटीवर नाव एकाचंच, असा तो प्रकार. आपणही मराठीत तीच पाटी वाचली आणि ‘इंग्रज सरकार’ म्हणू लागलो. त्या इंग्रजांत खरोखरचे इंग्रज किती होते, ते प्रश्न १७ मध्ये.

२. १७०७ मध्ये इंग्लंडने स्कॉटलंड जिंकून घेतलं ना?

नाही. आधी एक राजा झाला आणि तोही स्कॉटलंडचाच. १६०३ मध्ये इंग्लंडची पहिली एलिझाबेथ निपुत्रिक वारली आणि स्कॉटलंडचा सहावा जेम्स लंडनला जाऊन इंग्लंडचा पहिला जेम्स झाला. त्यानंतर शंभरहून जास्त वर्षं राजा एक आणि संसदा दोन, असा कारभार चालला.

मग डेरियन प्रकरण झालं. पनामाच्या संयोगभूमीवर वसाहत करायची या कल्पनेपायी स्कॉटलंडमधल्या सरदार-व्यापाऱ्यांपासून साध्या लोकांपर्यंत अनेकांनी पैसे गुंतवले. १६९८ ते १७०० या दोन वर्षांत रोगराई, उपासमार, स्पॅनिश वेढा आणि इंग्रज वसाहतींनी नाकारलेली मदत यांनी वसाहत बुडाली आणि देशातल्या भांडवलाचा मोठा हिस्सा तिच्याबरोबर गेला. १७०७ च्या करारात इंग्लंडने ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग मोजले. त्यातला मोठा भाग डेरियनच्या भागधारकांना भरपाई म्हणून गेला आणि त्या भागधारकांपैकी काही जण स्कॉटिश संसदेत मतदानाला बसले होते. बाहेर एडिंबरा आणि ग्लासगोत कराराविरुद्ध दंगे चालू होते. तेव्हा ‘जिंकलं’ हे खोटं आणि ‘राजीखुशीने एकत्र आले’ हे अर्धंच खरं.

३. हेड्रियनची भिंत म्हणजेच सीमा ना? ‘भिंतीपलीकडे’ म्हणतात ते?

ती भिंत पूर्णपणे इंग्लंडात आहे. रोमनांनी इ.स. १२२ मध्ये ती बांधायला घेतली तेव्हा ना इंग्रज होते ना स्कॉट. पश्चिम टोकाला ती आजच्या सीमेच्या अगदी जवळ आहे, पूर्व टोकाला मात्र सीमा शंभरेक किलोमीटर उत्तरेला आहे. म्हणजे नॉर्थम्बरलंडचा बराचसा भाग ‘भिंतीपलीकडे’ असूनही शुद्ध इंग्लंड. आजच्या सीमेची आखणी ढोबळमानाने १२३७ च्या यॉर्कच्या तहातली आहे.

गंमत बेरिक गावाची. मध्ययुगात ते तेरा वेळा इकडून तिकडे गेलं आणि १४८२ पासून इंग्लंडकडे आहे. त्याचा फुटबॉल संघ मात्र अजूनही स्कॉटलंडच्या स्पर्धांत खेळतो.

नकाशाबद्दल एक पैज जिंकून घ्या: एडिंबरा हे ब्रिस्टलच्या आणि लिव्हरपूलच्याही पश्चिमेला आहे. इंग्रजांना हे पटत नाही. फोनवर नकाशा उघडून दाखवावा लागतो.

४. तिकडचे लोक गेलिक बोलतात की मोडकंतोडकं इंग्रजी?

हा सगळ्यात जुना गैरसमज, म्हणून जरा सविस्तर सांगते. स्कॉटलंडात इंग्रजीशिवाय दोन जुन्या भाषा आहेत आणि त्यांची एकमेकींशी गल्लत करतात.

पहिली गेलिक, स्थानिक उच्चार ‘गालिक’. आयरिशची बहीण. २०२२ च्या जनगणनेत १,३०,१६१ लोकांनी ती थोडीफार येते असं सांगितलं, म्हणजे अडीच टक्के. तिचा जोर पश्चिमेकडच्या बेटांवर, तरी रेल्वे स्थानकांच्या पाट्या दक्षिणेतही दोन भाषांत असतात. पाहुण्यांना वाटतं सगळा देश गेलिक बोलतो.

दुसरी स्कॉट्स. ही उत्तरेकडच्या जुन्या अँग्लो-सॅक्सन बोलीतून वाढली, म्हणजे आजच्या इंग्रजीची सख्खी चुलत बहीण. पंधराव्या-सोळाव्या शतकात राजदरबार आणि संसद यांचा व्यवहार तिच्यात होत असे. त्याच जनगणनेत पंधरा लाखांहून जास्त लोकांनी आपण ती बोलतो असं नोंदवलं. इंग्लंडातल्या कानांना ती ‘बिघडलेलं इंग्रजी’ वाटते. मराठी आणि कोकणी यांच्यावरून ‘बोली की भाषा’ हा वाद आपण कधी ना कधी ऐकलेलाच आहे. इथेही तेच चालतं, तशाच तावातावाने. सरकारदरबारी मात्र २०२५ च्या कायद्याने दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा मिळाला.

रोजच्या कामाला एवढं पुरे: ‘वी’ म्हणजे छोटं, ‘बेर्न’ म्हणजे मूल, ‘ड्रीख’ म्हणजे कुंद, ओलसर, उदास हवा. ‘मेसेजेस आणायला जाते’ म्हणजे फोन नव्हे, वाणसामान. आणि भारतीय इंग्रजीत आपण ‘तू कुठे राहतोस’ला ‘स्टे’ क्रियापद वापरतो, त्यावर इंग्लंडात हॉटेलचा पत्ता विचारल्यासारखं बघतात. स्कॉटलंडात तेच क्रियापद चालतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला घरीच आल्यासारखं वाटलं.

५. ‘स्कॉच’ म्हणू की ‘स्कॉटिश’?

माणसांना स्कॉट किंवा स्कॉटिश, दारूला स्कॉच. ‘स्कॉच माणूस’ हा प्रयोग अठराव्या-एकोणिसाव्या शतकात स्कॉट स्वतःही करत, आज तो कानाला खटकतो. इंग्लंडातली जुनी पिढी अजून करते. पदार्थांत (स्कॉच ब्रॉथ, स्कॉच एग) तो शब्द चालतो. आणि तळ्याला ‘लॉक’ म्हणू नका. शेवटचा उच्चार घशातून, आपल्या ‘ख’च्या जवळचा. मराठी माणसाला हा इंग्रजापेक्षा सोपा जातो.

६. स्कॉटिश नोटा इंग्लंडात चालत नाहीत, त्या खोट्या चलनासारख्या आहेत, असं दुकानदार म्हणतो. खरं का?

नोट पौंडाचीच आहे आणि किमतीत पैचाही फरक नाही. बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल बँक अशा तीन बँका स्वतःच्या नोटा काढतात. या नोटांमागे पुरेशी रक्कम बँक ऑफ इंग्लंडकडे ठेवावी लागते. त्यासाठी तिथे दहा लाखांच्या आणि दहा कोटी पौंडांच्या खास नोटा आहेत, ‘जायंट’ आणि ‘टायटन’ नावाच्या. त्या बाजारात कधीच येत नाहीत.

कायद्याची बारीक गंमत पुढे आहे. दुकानदार ‘लीगल टेंडर (कायद्याने मान्य चलन) नाही’ म्हणतो ते अक्षरशः खरं आहे. पण स्कॉटलंडात बँक ऑफ इंग्लंडच्या नोटाही लीगल टेंडर नाहीत. तिथे तो मान फक्त नाण्यांना. त्या शब्दाचा संबंध कर्जफेडीशी आहे, दुधाच्या पिशवीशी नाही. कुठली नोट घ्यायची हे दुकानदाराच्या मर्जीवर. त्यामुळे वाद घालू नका, परतण्याआधी खर्च करा. भारतात जाणार असाल तर इथेच बदलून घ्या.

जाता जाता: बँक ऑफ इंग्लंडच्या स्थापनेमागचा (१६९४) मुख्य माणूस विल्यम पॅटरसन हा स्कॉट होता, तोच पुढे डेरियनचा (प्रश्न २) सूत्रधार. आणि बँक ऑफ स्कॉटलंड (१६९५) उभी करण्यात पुढाकार होता जॉन हॉलंड या इंग्रजाचा.

७. सगळे स्कॉट किल्ट (गुडघ्यापर्यंतचा घागरा) घालतात? आणि प्रत्येक आडनावाचं टार्टन (चौकडीचं कापड) प्राचीन असतं?

रोज कोणीच घालत नाही. लग्न, पदवीदान, रग्बीचा सामना या दिवशी पुष्कळ जण घालतात, जसं आपल्याकडे फेटा निघतो.

किल्ट हा मुळात हायलँड्सचा, म्हणजे उत्तर-पश्चिमेच्या डोंगराळ भागाचा पोशाख. एडिंबरा-ग्लासगोकडच्या लोलँड्समधल्या माणसाला अठराव्या शतकात कोणी किल्ट घालायला सांगितलं असतं तर त्याने तो अपमान समजला असता. गादीसाठी झालेल्या १७४५ च्या बंडानंतर (प्रश्न ८) सरकारने हायलँडच्या पोशाखावर बंदी घातली, ती १७८२ मध्ये उठली. आणि मग १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला. समारंभाची आखणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटकडे होती. त्याने सगळ्यांना टार्टन घालायला लावलं, राजालाही. राजाने किल्टखाली गुलाबी तुमान चढवली होती. तिथून लोलँड्सनेही किल्ट आपला मानला.

घराण्यागणिक ठरलेलं टार्टन ही पद्धतही बहुतांशी याच काळातली. त्यामुळे दुकानात ‘तुमच्या आडनावाचं प्राचीन टार्टन’ विकणाऱ्याकडे हसून बघावं. कुलकर्णी किंवा पाटील यांनी किल्ट घातला तर कोणी हरकत घेत नाही, उलट कौतुक होतं.

८. कलोडनची लढाई म्हणजे इंग्लंडविरुद्ध स्कॉटलंड?

नाही. १६ एप्रिल १७४६ ची ही लढाई गादीसाठी होती: एकीकडे स्टुअर्ट घराण्याचा राजपुत्र चार्ल्स, दुसरीकडे हॅनोव्हर घराण्याचं सरकार. सरकारी सैन्यात स्कॉटिश पलटणी होत्या, कॅम्बेल घराण्याचे हायलँडर होते. चार्ल्सच्या बाजूला आयरिश, फ्रेंच सेवेतले सैनिक आणि मँचेस्टरहून आलेले काही इंग्रजही. राजपुत्राचा स्वतःचा जन्म रोमचा.

यालाच जोडून विचारतात: हायलँडमधल्या कुळांना जमिनीवरून हुसकावलं ते इंग्रजांनी का? जमीनदारांनी. त्यांत स्कॉटिश पुष्कळ होते, हायलँड घराण्यांचे पिढीजात प्रमुखही. मेंढ्यांत जास्त पैसा होता.

९. इंग्लंडविरुद्ध लढलेल्या विल्यम वॉलेसवरचा ‘ब्रेव्हहार्ट’ हा हॉलिवूडचा सिनेमा कितपत खरा?

वॉलेस खरा, १२९७ चा स्टर्लिंग पुलाचा विजय खरा, १३०५ मध्ये लंडनमध्ये त्याला हालहाल करून मारलं हे खरं. सिनेमात पूल नाही. किल्ट काही शतकं आधीच आले आहेत. ज्या फ्रेंच राजकन्येशी त्याचं प्रेम दाखवलंय ती वॉलेस मेला तेव्हा दहाएक वर्षांची होती आणि फ्रान्समध्येच होती. चित्रीकरणाचा मोठा भागही आयर्लंडमधला.

१०. हॅगिस नावाचा प्राणी असतो का? शाकाहारी माणसाने काय करायचं?

तुमची कोणीतरी फिरकी घेतली आहे. डोंगरउतारावर धावून एका बाजूचे पाय आखूड झालेला प्राणी, ही पर्यटकांसाठीची थाप. हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज, हृदय आणि फुप्फुसं बारीक करून त्यात ओट, चरबी, कांदा, मिरी घालून शिजवलेला पदार्थ. पूर्वी तो मेंढीच्या जठरात भरत, आता बहुधा कृत्रिम वेष्टनात. वजडी आवडीने खाणाऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

इंग्रज नाक मुरडतात, पण हॅगिसची एक सगळ्यात जुनी लेखी पाककृती इंग्लंडातल्या लँकेशरमधल्या पंधराव्या शतकातल्या हस्तलिखितात आहे. तो स्कॉटिश झाला रॉबर्ट बर्न्सच्या कवितेमुळे. दर २५ जानेवारीला कवीच्या जयंतीला तो वाजतगाजत ताटात येतो. डाळी-भाज्यांचं शाकाहारी हॅगिस सुपरमार्केटात सहज मिळतं आणि चवीला झकास असतं. इथल्या भारतीय उपाहारगृहांत हॅगिसची भजीही मिळतात. हिरवी चटणी मागून घ्या.

११. स्कॉट लोक चिक्कू असतात, हे तरी खरं ना?

पुणेकरांवरच्या विनोदांइतकंच खरं. आणि तसंच, यातले पुष्कळ विनोद स्वतः स्कॉटांनीच विकले: हॅरी लॉडरसारख्या रंगमंचावरच्या कलाकारांनी, ॲबर्डीनवरच्या पोस्टकार्डांनी. मूळ मात्र गरिबीत आहे. जमीन नापीक, हवा कठोर. काटकसर हा स्वभाव नव्हता, इलाज होता. पहिल्या आधुनिक बचत बँकांपैकी एक १८१० मध्ये डम्फ्रीसजवळच्या रथवेल गावात तिथल्या धर्मोपदेशकाने गरिबांसाठी काढली.

दुसरी बाजूही पाहा. डन्फर्मलिनच्या विणकराचा मुलगा अँड्र्यू कार्नेगी याने जगभर अडीच हजारांवर वाचनालयांना पैसे दिले. डॉक्टरने लिहिलेली औषधं स्कॉटलंडात २०११ पासून मोफत आहेत, इंग्लंडात अजून पैसे पडतात. मासिक पाळीची साधनं सर्वांना मोफत देणारा कायदा जगात पहिल्यांदा झाला तो इथे, २०२० मध्ये.

१२. मग हा सगळा खर्च इंग्लंडचा करदाता करतो, असं म्हणतात.

यावर जेवणाच्या टेबलावर मैत्री तुटू शकते. डोईमागे सरकारी खर्च स्कॉटलंडात युनायटेड किंग्डमच्या सरासरीपेक्षा जास्त आहे, हे खरं. अनुदानात होणारी वाढ-घट १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ‘बार्नेट सूत्रा’ने ठरते. तात्पुरतं म्हणून आलेलं ते सूत्र अजून चालू आहे. पण सरासरीपेक्षा जास्त खर्च लंडनवरही होतो आणि सगळ्यात जास्त उत्तर आयर्लंडवर. बोलणी मात्र स्कॉटलंडला. शिवाय विरळ वस्ती आणि बेटं यांना शाळा-दवाखाने पुरवणं महागच पडतं.

उलट बाजूने स्कॉट तेलाची आठवण देतात: उत्तर समुद्रातलं फोर्टीज हे मोठं क्षेत्र १९७० मध्ये सापडलं आणि १९८० च्या दशकात त्याचा पैसा लंडनच्या तिजोरीत गेला. आता ते उत्पन्न बरंच घटलं आहे आणि हिशेबात स्कॉटलंडची तूट दिसते. माझं मत विचाराल तर ‘फुकट खातात’ हे म्हणणं आळशीपणाचं आहे.

नोकरीसाठी येणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा: प्राप्तिकराचे दर इथली संसद ठरवते आणि चांगला पगार असेल तर कर इंग्लंडपेक्षा जास्त कापला जातो. टॅक्स कोडच्या सुरुवातीला ‘एस’ दिसला की समजा, तुम्ही स्कॉटिश करदाते झालात.

१३. तिकडे बारा महिने पाऊस असतो ना?

पश्चिमेच्या डोंगरात वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या वर पडतो. एडिंबरात ७०० च्या आसपास, म्हणजे साधारण पुण्याइतका. फरक एवढाच की पुण्यात तो चार महिन्यांत उरकतो आणि इथे वर्षभर हप्त्याने येतो. जूनमध्ये दिवस साडेसतरा तासांचा असतो. पावसापेक्षा हायलँड्समधल्या ‘मिज’ नावाच्या चिलटांची काळजी करा.

१४. कायदे सगळीकडे सारखेच असतील ना?

नाहीत, आणि इथेच इंग्लंडहून आलेले गोत्यात येतात. दारू पिऊन गाडी चालवण्याची रक्तातली मर्यादा इंग्लंडात ८० मिलिग्रॅम, इथे २०१४ पासून ५०. एक ग्लास वाइनसुद्धा महागात पडू शकते. दुकानात दारूला किमान दर ठरवून दिलेला आहे. खटल्यात ज्यूरी पंधरा जणांची. ‘दोषी’ आणि ‘निर्दोष’ यांशिवाय ‘सिद्ध झाले नाही’ हा तिसरा निकाल शतकानुशतकं होता. तो रद्द करण्याचा कायदा २०२५ मध्ये झाला.

शाळा ऑगस्टच्या मध्याला सुरू होतात, इंग्लंडसारख्या सप्टेंबरात नव्हे. २ जानेवारी सुटी, कारण ३१ डिसेंबरचा ‘हॉगमनाय’ हा इथला मोठा सण. नाताळची सुटी तर १९५८ पासूनची आहे.

१५. स्कॉटलंडात ‘ट्रेसपास’चा कायदाच नाही, कुठेही तंबू ठोका, असं मित्र म्हणतो.

अर्धवट ऐकलंय. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने बहुतेक जमिनीवर आणि पाण्यावर जबाबदारीने वावरण्याचा हक्क दिला. तो इंग्लंडपेक्षा खूपच उदार आहे. पण लोकांच्या घराची बाग, उभं पीक यांना तो लागू नाही. मोटारीने जायला तर नाहीच, गाडी शेतात घालून शेजारी तंबू मारणं यात बसत नाही. लॉख लोमंडच्या काठावर काही पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो.

१६. स्कॉट लोक इंग्रजांचा द्वेष करतात का? आणि दुसऱ्या एलिझाबेथला ‘दुसरी’ म्हणत नाहीत म्हणे?

फुटबॉलमध्ये ‘इंग्लंड सोडून कोणीही जिंको’ हे खरं. घरगल्लीत नाही: इथे राहणाऱ्या दर दहा जणांत साधारण एक जण इंग्लंडात जन्मलेला आहे.

‘दुसरी’चा किस्सा खरा आहे. पहिली एलिझाबेथ (प्रश्न २) स्कॉटलंडची राणी कधीच नव्हती, मग ही दुसरी कशी? १९५२ च्या अखेरीस एडिंबराच्या इंच भागात राणीचं ‘दुसरी’ असं बोधचिन्ह असलेली टपालपेटी बसली आणि काही महिन्यांत ती स्फोटाने उडवण्यात आली. पुढे स्कॉटलंडमधल्या नव्या पेट्यांवर ते बोधचिन्ह न घालता स्कॉटलंडचा मुकुट आला. इथल्या टपालपेट्या बघा, फरक दिसेल.

शेटलंड आणि ऑर्कनी या उत्तरेकडच्या बेटांची गोष्ट वेगळी. तिथल्या लोकांना ‘स्कॉट’ म्हटलेलंही नेहमी रुचत नाही. ही बेटं नॉर्स लोकांची. १४६८-६९ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्यापोटी स्कॉटलंडकडे गहाण टाकली आणि सोडवलीच नाहीत. तिथे किल्टही परका आणि गेलिकही. नकाशावर शेटलंड कोपऱ्यातल्या चौकटीत कोंबायची सवय होती, म्हणून २०१८ च्या बेटविषयक कायद्याने सरकारी नकाशांत तसं करायला शक्यतो मनाई केली.

१७. भारतात राज्य इंग्रजांनी केलं, स्कॉट बिचारे स्वतःच त्यांच्या ताब्यात होते, असं एका स्कॉटिश मित्राने सांगितलं.

हा गैरसमज इंग्रजांचा नाही, स्कॉटांना स्वतःला सोयीचा आहे. पण इंग्लंडातही ‘साम्राज्य इंग्लंडचं’ असंच शिकवल्यासारखं बोलतात, म्हणून इथे घेतला. १७०७ नंतर स्कॉटांना साम्राज्याचं दार उघडलं आणि ते लोंढ्याने शिरले.

आपल्याच इतिहासातली नावं घ्या. खडकीच्या लढाईच्या वेळी पुण्याचा रेसिडेंट आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा डम्बार्टनकडचा. त्याच्यानंतरचा गव्हर्नर जॉन माल्कम डम्फ्रीसशरचा. साताऱ्यात बसून मराठ्यांच्या बखरी-कागद गोळा करणारा आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापणारा ग्रँट डफ बँफचा. विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन हे लॉडर गावचे. आणि १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा करणारा डलहौसी हा एडिंबराजवळच्या डलहौसी किल्ल्यात जन्मलेला. मी तिथून बसने जाते-येते.

क्रिकेटमध्येही तेच. १९७४ मध्ये वाडेकरांच्या संघाला लॉर्ड्सवर ४२ धावांत गुंडाळून मालिका ३-० जिंकणाऱ्या ‘इंग्लंड’चा कर्णधार माइक डेनेस हा ग्लासगोजवळच्या बेल्सहिलचा. २००१ मध्ये पोर्ट एलिझाबेथला सामनाधिकारी म्हणून सचिनवर कारवाई करणारा तोच. तेव्हा आपल्या घराघरांत त्याला ‘तो इंग्रज’ म्हणूनच शिव्या पडल्या.